स्पीकरवर

शनिवारी पाच ग्रुप, आणि गाइड एक.
तोही गुडघ्याचं ऑपरेशन झालेला.

नारायण पेठेत झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
दारामागच्या खिळ्याला अजून लटकतात
नऊ जणांची ओळखपत्रं.
सुलक्षणा चाकणला गेली.
कमळ, कोनाडा, गाभारा सांगता यावा म्हणून
जे जपानी शिकली होती,
त्यात आता बेअरिंग आणि टॉलरन्स सांगते.
"ताई, रागावू नका," म्हणाली, "पगार एक तारखेला होतो."
मी कशाला रागावू?
माझ्याकडे तारीख नव्हतीच कधी, सीझन होता.

डेव्हिड साळवे विमानतळाची कॅब चालवतो.
मागच्या सीटवरच्याला अजून सांगतो म्हणे
कुठल्या चौकात पूर्वी काय होतं.
लोक एक स्टार देतात. कारण लिहितात: फार बोलतो.

जाहिरात दिली. एक मुलगा आला,
नीट बसला, पाणी प्यायला,
आणि विचारलं, "मॅडम, पावसाळ्यात काय?"
मी पंख्याकडे पाहिलं.

उरले परदेशीकाका.
आडनाव परदेशी, मुक्काम भवानी पेठ.
चाळीस वर्षं उन्हात उभं राहून,
गळ्याच्या शिरा फुगवून सांगितलेलं पुणं.
म्हणाले, "पायऱ्या नाही होणार मला.
तू ने त्यांना. फोन स्पीकरवर ठेव."

तर मी, हिशेबाची बाई,
जंगली महाराज रस्त्यावरून बावीस जळगावकर घेऊन
पाताळेश्वरात उतरले,
निरांजन विझेल अशा बेताने फोन धरून.

"उन्हातून आलात ना? थांबा.
डोळ्यांना जरा अंधारात बसू द्या."
बावीस जण थांबले. माझ्या शब्दाला
रिक्षात बसायलाही तयार नव्हते.
"हा गोल मंडप नंदीचा. खांबांना हात लावू नका
असं पाटी सांगते. मी सांगतो,
तळवा नुसता जवळ न्या. गार लागेल."

मागून कुकरची शिट्टी आली.
"ही तिसरी," काका घरात कुणाला तरी म्हणाले
आणि परत आठव्या शतकात गेले.

मध्येच आवाज खाली आणून,
जणू बाकीच्यांना ऐकूच जाणार नाही,
"वडाची सावली कुठवर आली गं?"
मी बाहेर जाऊन पाहून आले.
"शेवटच्या पायरीला टेकलीय."
"मग अकरा झाले असतील."
झाले होते.

आणि मग ती मुलगी, सातवी-आठवीतली,
चष्म्याला दोरी, भिंतीपाशी वाकलेली:
"इथे अर्धंच कोरलंय. का सोडलं?"

मी फोन तिच्यापुढे धरला.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
काकांची तिन्ही उत्तरं मला पाठ आहेत:
कातळाला भेग गेली असेल,
राजा बदलला असेल, पैसा आटला असेल.
त्यांतलं एकही दिलं नाही.
"माणसं मिळाली नसतील, बाळ," म्हणाले.
"दगड कुठे जात नाही. छिन्नीसुद्धा असते पडलेली..."
पुढे खोकला.

तिचे वडील हसले. ती नाही हसली.
जिथे टाकीचे घाव संपतात
आणि नुसताच डोंगर सुरू होतो,
तिथे तिने तळवा नेला,
न टेकवता, सांगितल्यासारखा.

बाहेर येऊन मी काकांना पूर्ण दिवसाचे पैसे पाठवले.
दोन मिनिटांत अर्धे परत आले.
"चाललीस तू," म्हणाले.
मी पुन्हा पाठवले. त्यांनी पुन्हा.
वडाखाली उभं राहून आम्ही
बाजारात भांडावं तसं उलटं भांडलो.

साडेबाराचा ग्रुप फ्रेंच होता.
"काका, फ्रेंच येतं का हो तुम्हाला?"
पलीकडे ताट वाजलं. भात वाढला असावा.
"तू आधी फोन चार्ज कर," काका म्हणाले.